खाली आलेला हात

समोर कुणी चहा ठेवला तर शरयू आरोंदेकर कपाकडे नंतर बघायची, आधी ठेवणाऱ्याच्या तोंडाकडे. वीज कंपनीच्या दक्षता विभागात उभं आयुष्य गेल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? मीटरच्या काचेआड फिल्मची पट्टी सरकवून चाक थांबवणारे कारखानदार तिनं पकडले होते, आणि आकडा टाकून देवघरातले दिवे पेटवणारे टिळेधारी सज्जनही. यंत्र आपणहून खोटं बोलत नाही, कुणीतरी त्याला शिकवावं लागतं, असं तिचं मत. नोकरी सुटली, मत काही सुटलं नाही.

त्यामुळे पुण्याच्या ध्वनिविज्ञान संस्थेतला डॉक्टर तन्वीर शिकलगार तिच्यापुढे चहा ठेवून घुटमळला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस काहीतरी लपवतोय, नाहीतर काहीतरी विकतोय, असं तिला वाटलं.

काम तिच्या वडिलांचं होतं. वाद्यवृंदाचे संचालक अच्युतराव आरोंदेकर. साठ वादकांचा ताफा घेऊन, व्हायोलिन, चेलो आणि बासऱ्यांवर बागेश्री नि मारवा उभे करणारे आरोंदेकर मास्तर. त्यांच्या शेवटच्या वर्षांतली ध्वनिमुद्रणं तर अजून लोक डोळे मिटून ऐकतात. इतकं संथ, इतकं शांत संगीत पुन्हा झालं नाही, असं जाणकार म्हणतात आणि न जाणणारेही त्यांचं ऐकून म्हणतात. मास्तरांची जन्मशताब्दी तोंडावर आली होती. त्यासाठी तन्वीरची संस्था मास्तरांची प्रकाशाकृती घडवत होती. ती मंचावर उभी राहून खऱ्या वादकांना हातानं चालवणार होती, अगदी मास्तर चालवायचे तशी. मास्तरांच्या नावाच्या प्रतिष्ठानची एकमेव विश्वस्त शरयू. तिच्या होकाराशिवाय पान हलणार नव्हतं.

आता प्रश्न असा की मास्तरांचा हात मिळवायचा कुठून? चित्रफिती थोड्याच होत्या, त्याही लांबून घेतलेल्या. ध्वनिमुद्रणं मात्र खंडीभर. कार्यक्रमांची होतीच, पण साध्या तालमीसुद्धा टेपवर घ्यायची मास्तरांना सवय होती. संचालकाच्या कट्ट्यावर त्यांच्या उजव्या हाताशी आठ माइकांचा आवाज आठ सुयांवर दाखवणारं टेपयंत्र कायम ठेवलेलं असे.

तन्वीरनं शोधलेल्या तंत्राला तो छायाश्रवण म्हणे. घरातलं एखादं मोठं कपाट हलवलं की त्या खोलीत बोलताना आपला आवाज वेगळा लागतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. आवाज भिंतीवर, फर्निचरवर, माणसांवर आपटून परत येतो आणि आपल्या कानाला खोलीचा अंदाज देतो. खोलीत माणूस हलला की परत येणारा आवाजही किंचित बदलतो. आपल्या कानाला ते कळत नाही, पण टेपवर ते उतरलेलं असतं. एक माइक असेल तर त्यातून फारसं हाती लागत नाही. आठ माइक असले, प्रत्येकाची जागा ठाऊक असली आणि समोर साठ वाद्यं सतत आवाजाचा मारा करत असली, तर गणकयंत्र प्रत्येक प्रतिध्वनी कुठून आला ते मागं मागं जाऊन शोधू शकतं. वटवाघूळ अंधारात जे करतं तेच, फक्त चाळीस-पन्नास वर्षं उशिरा. पडद्यावर मग करड्या सावल्या हलू लागतात. चेहरा नाही, बोटं नाहीत, पण खांदा, कोपर, हात स्वच्छ दिसतो.

अडचण अशी होती, तन्वीर म्हणाला, की सत्त्याण्णव सालापर्यंत मास्तरांचा हात आवाजाच्या पुढे आहे. आधी हात पडतो, मग वाद्यं वाजतात. असंच असायला हवं. त्यानंतर मात्र हात मागं पडतो. आधी वाद्यं वाजतात, मग हात येतो. मिरवणूक पुढं निघून गेल्यावर वाट दाखवणारा मागून चालत यावा तसं. हे शेवटपर्यंत असंच आहे. शिवाय मास्तरांची ती प्रसिद्ध दाद, कुणी छान वाजवलं की उजव्या हाताचा ठेका न मोडता डावा तळवा छातीला लावायचा, ती जुन्या टेपांवर पदोपदी सापडते. सत्त्याण्णवनंतर एकदाही नाही.

शरयूनं चहाचा कप बाजूला सारला. तिनं विचारलं, हे आणखी कुणाला सांगितलंत? तो म्हणाला, कुणालाच नाही. तिचा अर्थातच विश्वास बसला नाही. शताब्दीच्या तोंडावर मास्तरांचं काहीतरी काढायचं, चार दिवस बोलबाला करून घ्यायचा, ही चाल तिला नवी नव्हती. तुमच्या यंत्राचं घड्याळ मागंपुढं झालं असेल, असं तिनं सुनावलं आणि परीक्षा घ्यायचं ठरवलं. संस्थेच्या सभागृहात तिनं काही विद्यार्थ्यांना वाजवायला बसवलं, आठ माइक लावले, तन्वीरला बाहेर काढलं, आणि स्वतः मध्ये उभं राहून मनाला येईल तेव्हा हात वर-खाली केले. मोबाइलवर त्याची चित्रफीत घेतली आणि मोबाइल कुलपात टाकला. दुसऱ्या दिवशी तन्वीरनं पडद्यावर तिची सावली दाखवली. एकही हालचाल चुकली नव्हती. मध्येच तिनं नाक खाजवलं होतं, तेही होतं.

म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. आणि यंत्र खरं बोलत असेल, तर घरी कपाटात एक टेप होती.

ती टेप शरयूनं संस्थेला दिली नव्हती. बाकी सगळ्या खोक्यांतून पाठवल्या, ती एक आपल्याकडे ठेवली. का ठेवली, असं कुणी विचारलं असतं तर तिनं काहीतरी ठोकून दिलं असतं.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. शरयू बावीस वर्षांची होती आणि वयाच्या सातव्या वर्षापासून व्हायोलिन वाजवत होती. वडिलांच्या वाद्यवृंदात बसायचं, एवढं एकच स्वप्न. शेवटी मास्तरांनी एका तालमीला तिला मागच्या रांगेत बसवलं. पोरीची चाचणी. बागेश्रीतली रचना होती. सुरुवात बरी झाली. मग का कोण जाणे, ती हळूहळू मागं पडायला लागली. शेजारचे वादक नजरेनं दटावू लागले. आणि मग मास्तरांचा हात खाली आला. तिनं वाजवणं थांबवलं. संचालकाचा हात खाली आला की थांबायचं, हे तर शाळेतल्या बँडच्या पोरांनाही कळतं. पण बाकीचे वाजवतच राहिले. साठ जण वाजवताहेत आणि आपण एकटीच गज हवेत धरून बसलोय, हे तिच्या ध्यानात यायलाही वेळ लागला.

घरी आल्यावर ती म्हणाली होती, बाबा, तुमचा हात खाली आला म्हणून मी थांबले. मास्तरांनी तिच्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि शांतपणे उत्तर दिलं. "हात खाली आला नव्हता. लय नाही तुझ्यात. लय नसली की माणसाला नसलेलं दिसतं."

तिनं ते मानलं. वडील होते, आणि वडिलांहून मोठे संचालक होते. व्हायोलिन पेटीत गेलं ते गेलंच. पुढे तिनं कधी गाण्याला टाळी दिली नाही, लग्नाच्या वरातीत पाय थिरकवला नाही. आपल्या डोळ्यांवर भरवसा नाही म्हटल्यावर ती दुसऱ्यांच्या डोळ्यांवर तरी कसा ठेवणार? प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायची सवय तिला दक्षता विभागानं लावली, असं लोक समजत. ती त्या दिवशी लागली होती.

आता पुरावा मिळू शकत होता आणि बाईसाहेबांची छाती होत नव्हती. हात खाली आलेला नसेल, तर बाबा खरे आणि आपण खरंच बिनलयीचे. आला असेल, तर बाबा खोटे. यातलं कुठलं बरं, ते तिला ठरवता येईना.

म्हणून तिनं टेप कपाटातच ठेवली आणि आधी वसई गाठली. तिथं केळीच्या वाडीत बस्त्याव डाबरे राहत होते. वाद्यवृंदातले पहिले व्हायोलिन, म्हणजे वादकांचे म्होरके. चर्चच्या गायकवृंदात वाजवायला शिकलेले बस्त्याव मास्तरांबरोबर अखेरपर्यंत होते. वय ऐंशीच्या पुढं गेलेलं, बोटं वाकलेली, डोकं मात्र लख्ख. शरयूला त्यांचा संशय येत होता आणि तो तिनं वाटभर नीट घोळवला होता. सत्त्याण्णवनंतर वाद्यवृंद मास्तरांच्या हाताबरोबर चालत नव्हता, तर कुणाबरोबर तरी चालत होता. पहिल्या व्हायोलिनशिवाय कोण असणार? याच माणसानं आतून सूत्रं आपल्या हातात घेतली असणार.

ओट्यावर बसल्या बसल्या तिनं तसं तोंडावर विचारलंही. बस्त्यावकाका चिडले नाहीत. मग म्हणाले, "मास्तरांना ऐकू येत नव्हतं, बाय."

कानाची नस वाळत गेली होती. एक कान कितीतरी वर्षं आधीच गेला होता, दुसरा सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात. समोरच्याचे ओठ वाचून ते घरीदारी निभावून नेत. मास्तरांनी फक्त त्यांना सांगितलं, पण दोन तालमींत सगळ्यांना कळलं. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मास्तरांच्या नावावर साठ घरांच्या चुली पेटत होत्या आणि मास्तरांवर सगळ्यांचा जीवही होता. वादकांनी एवढंच केलं की कट्ट्याकडे बघायचं सोडून बस्त्यावच्या गजाकडे बघायला सुरुवात केली. मास्तरही त्याच गजाकडे बघून हात हलवत. पाहणाऱ्याला वाटे, मास्तर चालवताहेत.

मग ते टेपयंत्र? तिनं विचारलं. तर ते सुयांसाठी होतं. कुठली वाद्यं मोठ्यानं वाजताहेत, कुठली दबली आहेत, ते मास्तर सुया बघून ओळखत. टेप फिरल्याशिवाय त्या जुन्या यंत्राच्या सुया हलत नसत, म्हणून टेप फिरायची. हा सगळा ठेवा, ही प्रतिष्ठानची खोकी, ज्यांच्यावर लोक प्रबंध लिहितात, ती त्या सुया हलाव्यात म्हणून जमली होती. जन्मभर लोकांच्या मीटरमध्ये नाक खुपसलेली शरयू, आणि बापाच्या हाताशी लावलेल्या आठ मीटरांचा तिला कधी संशय आला नव्हता.

आणि ती संथ शैली? बस्त्यावकाका ओशाळल्यासारखे हसले. शैली कसली, ते म्हणाले. भरभर वाजवलं तर मास्तरांना माझा गज नीट दिसायचा नाही, म्हणून मी हळू घ्यायचो. जाणकारांनी त्यात काय काय शोधलं, ते वाचून आम्ही आपसांत हसायचो आणि मास्तर नसले की रडायचोही.

शरयूला त्यातलं सगळं खरं वाटलं नाही. म्हातारी माणसं आठवणींना पॉलिश करतात हे तिला माहीत होतं. पण ज्याच्यासाठी आली होती ते अजून विचारलंच नव्हतं.

"काका, माझ्या चाचणीच्या दिवशी बाबांचा हात खाली आला होता का?"

बस्त्यावकाकांनी मान हलवली. "मला काय ठाऊक, बाय? आम्ही साठ जण होतो तिथं. एकानंही त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. बघणारी तू एकटी होतीस."

मग ते आपणहून पुढं बोलले. मास्तरांनी तुला का घेतलं नाही, हे आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. तू आमच्यात बसली असतीस तर रोज त्यांच्या हाताकडे बघितलं असतंस. आठवड्याभरात तुला सगळं समजलं असतं. आणि तू त्यांच्या हाताबरोबर वाजवलं असतंस, म्हणजे रोज आमच्या मागं पडली असतीस.

शरयू उठली. केळी घेऊन जा म्हणाले, तीही तिनं घेतली नाहीत. राग कुणावर काढायचा हे कळत नसलं की माणूस केळ्यांवर काढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती टेप घेऊन पुण्यात हजर झाली. तन्वीरला तिनं काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाली, ही राहून गेली होती. त्यानं टेपवरची तारीख बघितली, तिच्याकडे बघितलं आणि शहाण्यासारखा गप्प राहिला. मिरजेच्या तंतुवाद्यं घडवणाऱ्या घरातला तो. कधी बोलायचं नाही हे त्याला घरातच शिकायला मिळालं असावं. टेप उतरवून यंत्राला दोन दिवस लागले. ते दोन दिवस शरयू बहिणीकडे राहिली आणि बहिणीच्या मोलकरणीवर चोरीचा आळ घेण्यापर्यंत तिची मजल गेली.

मग पडद्यावर सावल्या आल्या. समोर ओळीनं बसलेले साठ करडे ठिपके, मागच्या रांगेच्या टोकाला एकसष्टावा. कट्ट्यावर उंच सावली. बाबांचा डावा खांदा जरा उतरता असे, तो तसाच होता. शरयूला तो खांदा ओळखू आला. तिनं पदरानं चष्मा पुसल्यासारखं केलं.

बागेश्री सुरू झाली. तन्वीरनं प्रत्येक वाद्य वेगळं काढून खाली रेघांत दाखवलं होतं. एकोणसाठ रेघा बस्त्यावच्या रेघेला चिकटून चालल्या होत्या. हात त्यांच्या थोडा मागून. आणि सगळ्यांत खालची एक रेघ सगळ्यांपासून सुटलेली, हाताच्या रेघेवर नेमकी बसलेली.

"ताई, एका केसाचाही फरक नाही," तन्वीर हलकेच म्हणाला. "हे व्हायोलिन हाताबरोबर आहे. फक्त हेच."

पडद्यावर उंच सावलीचं डोकं मागच्या रांगेकडे वळलं होतं. ऐकू येत नसलेल्या माणसाला सगळ्यांपेक्षा वेगळा हलणारा गज दिसला होता. मग हात किंचित मंदावला. बाकीच्या साठ रेघा आपल्या वाटेनं गेल्या. खालची रेघ हाताबरोबर मंदावली. हात आणखी सावकाश झाला, तीही झाली. हात थोडा जलद चालला, तर ती त्याच्यामागं धावली. बाबा तपासून बघत होते. दक्षता विभागातली बाई हे ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मीटर खरं आहे का ते बघायला भार कमी-जास्त करून बघतात, अगदी तसं.

त्यानंतर डावा तळवा वर आला आणि छातीवर टेकला. तिथंच राहिला.

आणि उजवा हात खाली आला.

खालची रेघ तिथं तुटली. बाकीच्या चालत राहिल्या. त्या दिवशीसारख्याच.

शरयू एवढ्या मोठ्यानं "आला होता" म्हणाली की बाहेरून कुणीतरी डोकावलं. मग ती रडली. चांगली हमसून रडली, पंचावन्न-साठीच्या बायका सहसा चारचौघांत रडत नाहीत तशी, आणि ती तर पासष्टची होती. बाबांना ठाऊक होतं. पोरगी खरं बोलतेय हे ठाऊक असून त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं की तुला नसलेलं दिसतं. साठ घरं वाचवली, आपलं नाव वाचवलं, आणि एका मुलीचे डोळे काढून घेतले. "सांगायचं होतं मला," ती सावलीला म्हणाली. "मी बसले असते बस्त्यावकाकांकडे बघत. तेवढं कळत होतं मला."

तन्वीरनं पाणी आणलं. ते तिनं ग्लासकडे न बघता प्यायलं.

शांत झाल्यावर तिचा मूळ स्वभाव पुन्हा डोकं वर काढू लागला. डावा हात छातीला लावला ती दाद होती कशावरून? तिनं विचारलं. त्यांना पुढे हृदयविकार झाला. कळ आली असेल. खिशातला चष्मा चाचपला असेल. तन्वीरनं प्रामाणिकपणे सांगितलं की हात कुठं गेला ते यंत्र दाखवतं, का गेला ते यंत्राला सांगता येत नाही. एवढं मात्र खरं की सत्त्याण्णवनंतरच्या सगळ्या टेपांत तो हात छातीला लागलेला हा एकच प्रसंग.

पुढं काय करायचं, हे तिनं तिथंच ठरवलं. प्रकाशाकृती करू नका, तिनं सांगितलं. तो हात पुढं चालून कुणाला वाट दाखवणार नाही. त्याऐवजी सगळ्या टेपा, सावल्यांसकट, जशाच्या तशा लोकांपुढं ठेवा. कान गेले होते हेही सांगा, बस्त्यावकाकांचं नावही लावा. तन्वीर दचकला. लोक मास्तरांना ढोंगी म्हणतील, त्यानं बजावलं. म्हणू देत, ती म्हणाली. चार दिवस म्हणतील, मग पुन्हा डोळे मिटून ऐकतील. आणि बागेश्रीच्या या टेपेतलं बाकी सगळं काढून फक्त हात आणि ती खालची रेघ वेगळी ठेवा. शेवटच्या वर्षांत बाबांनी स्वतः चालवलेलं तेवढंच संगीत आहे.

त्यानं ते लावून दाखवलं. एकटं व्हायोलिन, अडखळतं, मध्येच मंदावणारं, मध्येच धावणारं, आणि समोर एक करडी सावली. वेगळं ऐकलं तर कुणालाही बिनलयीचं वाटावं. हाताकडे बघत ऐकलं तर कुठंही चूक नव्हती. शरयूनं ते हाताकडे बघत ऐकलं, आणि मांडीवर तिची डावी बोटं आपोआप सुरांच्या जागा दाबत राहिली.

टेपेखाली काय लिहायचं, तन्वीरनं विचारलं. तिनं सांगितलं: संचालक अच्युतराव आरोंदेकर, व्हायोलिन शरयू आरोंदेकर. त्यानं लिहून घेतलं आणि पडद्याकडं बोट केलं.

"आणि डाव्या हाताचं? दाद म्हणून लिहू?"

शरयूनं पडदा पुन्हा मागं न्यायला लावला. तळवा छातीवर टेकला तिथं चित्र थांबवलं आणि बराच वेळ ते निरखत राहिली.

"नको," ती म्हणाली. "लिहू नका. जो बघेल त्याला दिसेल."